आठवी प्लेट

परवा भट्टी उघडली तर सात प्लेट्स कोऱ्या करकरीत, धुऊन ठेवल्यासारख्या. आठवीवर अक्षरं होती, पण इतकी फिकट की आधी मला ग्लेझचा, म्हणजे मातीच्या भांड्यावरच्या काचेसारख्या थराचा, डागच वाटला.

ऑर्डर एका बाईंची, वडिलांचं जुनं पत्र त्यांच्याच हस्ताक्षरात प्लेट्सवर हवं होतं. लोकांना वाटतं प्रिंटच तर मारायचीय. अहो, इंकजेटची शाई भट्टीत पार जळून जाते. काळ्या छपाईचा लेझर प्रिंटर लागतो, त्यातही टोनरमध्ये, म्हणजे त्याच्या शाईच्या पुडीत, आयर्न ऑक्साइड असलं तरच जमतं, बाकीचं सगळं जळून मागे उरतं ते लोखंडच, म्हणून तर चित्र काळं न येता तपकिरी येतं.

प्रिंट काढायची ती डेकल पेपरवर, म्हणजे छाप उचलून दुसरीकडे चिकटवायच्या खास कागदावर. तो पाण्यात भिजला की वरचा पापुद्रा सुटतो, तो ग्लेझवर सरकवायचा. खरी गंमत पुढे. प्लेट खोलगट, पापुद्रा सपाट, कडेला चुण्या पडणारच, तिथे ब्लेडने बारीक चिरा द्यायच्या आणि रबराच्या पट्टीने मधून बाहेर पाणी काढत जायचं, एक बुडबुडा राहिला तरी भट्टीत फुटतो आणि नेमका एखादा काना उडतो. आख्खी दुपार घालवली आणि सांगते, एकही चुणी नव्हती. म्हणून जास्त जीव जळला.

मधे टोनर संपत आलेला, तर विकणाऱ्याने ‘सेम टू सेम मॅडम’ म्हणत रिफिल केलेलं कार्ट्रिज दिलं होतं. दोन्हीतली चिमूटभर पूड कागदावर काढून खालून चुंबक फिरवला. जुनी लगेच त्याच्यामागे पळाली, नवी ढिम्म. फोन करून त्याला चांगलं झापलं.

रात्री वही बघते तर मागच्या वेळी १०४० डिग्री, यावेळी १०८०. अक्षरं घट्ट बसावीत म्हणून मीच वाढवलेलं. जास्त तापलं की ग्लेझ मऊ होऊन लोखंड पिऊन टाकतं. म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, आणि हेच करू नका म्हणून मी शिकायला येणाऱ्या दर बॅचला घसा फोडून सांगते!

ती आठवी खालच्या शेल्फवर होती, तिथे आमची भट्टी जरा थंड असते. पण दोष नुसता टोनरचा असता तर तिच्यावरही काही उमटायला नको होतं. की तिचं पान जुन्या टोनरवर निघालेलं? एक-दोन पानं आधी काढली होती खरी, पण नंबर टाकले नाहीत.

बाईंना अजून कळवलेलं नाही. जुन्या कार्ट्रिजमध्ये झटकून झटकून एखादं पान निघेल, ते १०४० ला लावू की १०८० ला हेच ठरत नाहीये.