नाकावरून घसरलेला उपचार

"सर, हे चष्मे काही कामाचे नाहीत," आईने बसता बसताच सांगून टाकलं. मुलगा ९ वर्षांचा. ६ महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांना मायनस २.२५ होता. नंबरची वाढ मंदावणाऱ्या काचा दिलेल्या, शिवाय त्याचसाठी रोज रात्री प्रत्येक डोळ्यात ०.०१ टक्के अ‍ॅट्रोपिन या औषधाचा एकेक थेंब. तरी ऑटोरिफ्रॅक्टर, म्हणजे नंबर मोजणारं यंत्र, मायनस ३.२५ दाखवत होतं. बरोबरच्या चिठ्ठीत डॉक्टरांनी विचारलं होतं, डोस ०.०५ टक्के करायचा का?

मुलांच्या बाबतीत यंत्राच्या पहिल्या आकड्यावर मी जात नाही. यंत्रात डोकावताना मूल जवळचं पाहिल्यासारखी नजर आवळतं आणि मायनस उगाच चढतो. ही आवळलेली नजर सैल करणारं सायक्लोपेंटोलेट १ टक्का, ५ मिनिटांच्या अंतराने दोनदा घातलं, ४० मिनिटांनी तपासलं. मायनस २.७५. अर्धा नंबर खोटा निघाला. उरलेला अर्धा मात्र खरा होता. डोळा लांबला की मायनस वाढतो, आणि उजव्या डोळ्याची लांबी २४.१२ वरून २४.३६ मिमी झाली होती. ६ महिन्यांत ०.२४ मिमी. नंबर नसलेल्या शाळकरी मुलाचा डोळा साधारण ०.१ मिमी वाढायला वर्ष घेतो.

डोस वाढवणं सोपं होतं. पण थेंब घालण्याआधी तक्ता वाचताना एक गोष्ट खटकली होती. शेवटच्या दोन ओळींना पोराने हनुवटी वर उचलली, तीही दोनदा.

या काचांच्या मधोमध सुमारे ९ मिमीचा साधा भाग असतो, त्यातून स्वच्छ दिसतं. भोवती जेमतेम १ मिमीची शेकडो भिंगं असतात, त्यांची पॉवर मधल्या भागापेक्षा ३.५० प्लस. ती डोळ्याच्या आतल्या पडद्यासमोर धूसर प्रतिमा पाडतात आणि त्यामुळे डोळ्याच्या लांबण्याला आवर बसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगच्या २ वर्षांच्या चाचणीत नंबरची वाढ सरासरी ५२ टक्के कमी भरली. पण हा हिशेब काच बाहुलीसमोर असेल तरच लागू.

काच दिव्यासमोर तिरकी धरली की भिंगांचं जाळं दिसतं. मधल्या भागाचं केंद्र मार्करने टिंब देऊन खुणावलं, चष्मा परत घातला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसलो आणि लांब बघायला सांगितलं. टिंब बाहुलीच्या ५ मिमी खाली. म्हणजे पोरगा दिवसभर वरच्या भिंगांतून धूसर पाहत होता, नाहीतर हनुवटी उचलून किंवा सरळ फ्रेमवरून बघत होता.

कारण नेहमीचंच. गणवेश घेतात तशी वाढत्या अंगाची फ्रेम घेतलेली. दांडीचं वळण कानाच्या मागे दीड सेंटिमीटर, आणि नाकाचा पूल रुंद. मान खाली घालून हळूच हलवायला लावली, तर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. तो १-२ मिमीपेक्षा जास्त सरकता कामा नये.

आता थेंबांची बाटली. ५ मिलीत साधारण १०० ते १५० थेंब बसतात. रोज दोन थेंब म्हटले तर फार तर अडीच महिने पुरते. "कितवी बाटली?" असं विचारल्यावर आई थोडं थांबून म्हणाली, "दुसरी... पहिली चार महिने गेली." म्हणजे बरेच थेंब चुकले होते. शिवाय उघडलेली बाटली महिनाभरात टाकून द्यायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. यात त्यांचा दोष काय?

"नंबर जरा कमीच दिला तर?" हा प्रश्न आलाच. कमी नंबर दिल्याने वाढ थांबत नाही, उलट वाढल्याचंच दिसलेलं आहे. पूर्ण २.७५ दिला.

नवी फ्रेम लहान, नाकाचे पॅड वळवता येणारे. आधी पॅड आणि दांड्या बसवल्या, मगच प्रत्येक डोळ्याचं माप वेगळं घेतलं. हा क्रम उलटा झाला की पॅड वळवताच उंची बदलते आणि घेतलेलं माप वाया जातं. माप घेणारा उभा असला तर खूण वर पडते, ही दुसरी चूक. दांड्यांना सिलिकॉनचे हूक, खेळताना पट्टा, दिवसाचे किमान १२ तास चष्मा. रोज २ तास उजेडात बाहेर जायलाही सांगितलं, पण खरं तर त्याचा फायदा नंबर लागण्याआधी जास्त. डॉक्टरांशी बोलून डोस तोच ठेवला. चष्मा आणि डोस दोन्ही एकदम बदललं असतं तर कशाने फरक पडला हे कळलंच नसतं.

६ महिन्यांनी डोळ्याची वाढ ०.०९ मिमी. यातलं थोडं श्रेय ऋतूलाही असेल, डोळा हिवाळ्यात जास्त लांबतो आणि मधले महिने उन्हाळ्याचे होते. म्हणून पुढचं माप हिवाळा संपल्यावर ठेवलं. टिंब मात्र पुन्हा २ मिमी खाली दिसलं. पोरगा वाढला होता, दांड्या आखूड पडू लागल्या होत्या. पॅड जवळ आणले, चष्मा वर बसला. हनुवटी न उचलता त्याने शेवटची ओळ वाचली.