संक्रांतीला काळा आंब

संक्रांत जवळ आली की पुण्या-नागपूरकडच्या आप्तांचा एक प्रश्न ठरलेला असतो. सणाचे घर सोडून तुम्ही ग्वाल्हेरची माणसे पानिपतला कशाला जाता, आणि जिथे आपला पराभव झाला तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय? फोनवर मला याचे उत्तर नीट देता येत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून या वेळी लिहून कळवते.

पाहण्यासारखे फारसे नाही, हे आधीच मान्य करते. पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, गव्हा-मोहरीच्या शेतांच्या मुलखात, काळा आंब नावाची जागा आहे. लोखंडी कुंपणाच्या आत विटांचा एक स्तंभ आणि त्याच्या माथ्यावर लोखंडी दांडा, एवढेच तिथले मूळ स्मारक. पूर्वी इथे आंब्याचे झाड होते, रणात सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले अशी आख्यायिका आहे. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, याच जागेवरून सैन्याला हुकूम देत होते, असेही सांगतात. झाड वाळल्यावर त्याच्या लाकडाचे केलेले दरवाजे पानिपतच्या संग्रहालयात आहेत.

आता मी का जाते ते सांगते. ग्वाल्हेरच्या ज्या लष्कर भागात आमची घरे आहेत, ती वस्ती 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभी राहिली. आजही तिथे ‘शिंदे की छावनी’ आहे, ‘चिटणीस की गोठ’ आहे, आणि त्या ‘गोठ’ शब्दात मला तरी ‘शत्रूच्या गोटात’ म्हणताना येणारा आपला गोटच ऐकू येतो. दौलतराव ज्या तुकोजी शिंद्यांचे नातू, ते तुकोजी 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडले. त्यांचे बंधू दत्ताजी वर्षभर आधी, 10 जानेवारी 1760 ला, दिल्लीजवळ बुराडी घाटावर रोहिला सरदार नजीबखानाशी आणि अब्दालीच्या फौजेशी लढताना मारले गेले होते. बुराडीला जखमी झालेले त्यांचे कोवळे पुतणे जनकोजी पानिपतावर शत्रूच्या हाती सापडले आणि नंतर मारले गेले. एका घराची इतकी माणसे गेल्यावर त्या भावांपैकी महादजी तेवढे उरले, आणि तेही जवळजवळ उरलेच नव्हते.

रण मोडल्यावर एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला, पायावर घाव घातला आणि मेले समजून सोडून दिले. तो पाय जन्माचा अधू झाला. त्या अवस्थेत त्यांना उचलून बैलावर घातले ते राणेखान नावाच्या भिस्त्याने. ज्या बैलावर पाण्याची पखाल लादायची, त्यावर आपला जखमी सरदार लादून त्या माणसाने दक्षिणेची वाट धरली. महादजी ते विसरले नाहीत. त्यांनी त्याला भाऊ मानले, सरदार केले, आणि कागदोपत्री तो राणेखानभाई झाला. 1788 मध्ये नजीबखानाचा नातू गुलाम कादिर याने दिल्लीत बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा त्याच्यावर चालून गेलेल्या महादजींच्या फौजेचा सेनापती हाच पखाल वाहणारा राणेखान होता. ‘मोठा राणेखानाचा साला लागून गेलास’ असे आमच्या घरी मिजासखोर मुलाला म्हणत, आणि त्यातला राणेखान तो हाच, असे आजोबा आवर्जून सांगत. राणेखानाने तो बैल त्या दिवशी थांबवला नसता, तर दौलतरावांना दत्तक घ्यायला कोणी उरले नसते, लष्कर वसले नसते आणि आमच्या घराण्याने चंबळ ओलांडली असती की नाही, कोण जाणे. म्हणून ‘पानिपत झाले’ हा शब्दप्रयोग मी सहसा करत नाही.

आम्ही पोचतो तेव्हा धुके असते. अडीच महिने खंदकाआड कोंडलेले आणि अखेरीस उपासमारीने टेकीला आलेले सैन्य याच दिवसांतल्या पहाटे बाहेर पडले, ही गोष्ट अंगावर शाल आणि स्वेटर असूनही हात काकडत असताना जशी कळते, तशी ती मला कुठल्याही वर्गात कळली नव्हती. अलीकडे त्या दिवशी गर्दी असते, भाषणे होतात. स्वतःला पानिपतच्या मराठ्यांचे वंशज मानणारा रोड समाज मोठ्या संख्येने येतो आणि आमच्या हातचा तिळगूळ आनंदाने घेतो. गर्दी ओसरली की वडिलांनी घालून दिलेल्या क्रमाने आम्ही नावे घेतो: दत्ताजी, तुकोजी, जनकोजी, आणि शेवटी, तिथे न मेलेला राणेखान. त्या स्तंभापाशी उभे राहून मी दरवेळी त्या बैलाची वाट कुठल्या शेतातून गेली असेल, एवढेच शोधत असते.

पुढच्या संक्रांतीला तुम्हीही या. ग्वाल्हेरहून रात्रीची गाडी धरली की सकाळी दिल्ली, आणि तिथून पानिपत साधारण नव्वद किलोमीटर. गरम कपडे मात्र भरपूर आणा.