केवडा-प्रतिकारक काकडी: मार्कर शोधण्याचा माझा अनुभव

केवडा (डाउनी मिल्ड्यू) या पानांवरच्या रोगाला दाद न देणाऱ्या काकडीचा मार्कर, म्हणजे तो गुण ओळखण्याची डीएनएमधली खूण, शोधताना सगळ्यांचं लक्ष सिक्वेन्सिंगच्या (डीएनए वाचण्याच्या) निकालावर असतं. माझ्या मते निकाल त्याआधीच, संकराच्या तिसऱ्या पिढीच्या (एफ-३) रोपांच्या ट्रेमध्ये ठरून जातो.

जी-वाय-१४ ही काकडीची लाइन प्रतिकारक पालक म्हणून घेतली की पहिली अडचण फुलांची. या लाइनला मादी फुलंच येतात. पहिल्या संकरित पिढीतही (एफ-१) नर फुलांची वानवा असते. चांदी इथिलीनचा (मादी फुलं आणणाऱ्या संप्रेरकाचा) परिणाम रोखते, म्हणून २-३ खरी पानं आल्यावर शेंड्यावर ३ मिलिमोलर सिल्व्हर थायोसल्फेट फवारतो आणि आठवड्याने पुन्हा. त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम थायोसल्फेट १:४ मोलर प्रमाणात घ्यायचं. ढवळत ढवळत नायट्रेट थायोसल्फेटमध्ये ओतायचं. उलट केलं तर गाळ बसतो. दुसऱ्या पिढीतली (एफ-२) निव्वळ मादी झाडंही या फवारणीतून सुटता कामा नयेत. ती बियाण्याविना गेली, तर सहाव्या गुणसूत्रावरच्या लिंग-जनुकाभोवतीचा भाग एकाच पालकाकडे झुकतो.

उद्या उमलणाऱ्या नर-मादी कळ्या आदल्या संध्याकाळी क्लिपने बंद करायच्या, सकाळी हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा बंद करायचं. यात विशेष काही नाही.

खरी कसोटी रोग आणण्याची. हा रोगकारक कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, जिवंत पानांवरच सांभाळावा लागतो. ताजे बीजाणू गार पाण्यात मिसळून पानांच्या खालच्या बाजूला फवारायचे आणि झाडं २४ तास १८-२० अंशांना, अंधारात, झाकून ठेवायची. पानावरचं पाणी सुकलं की संसर्गच होत नाही, आणि मग सगळीच झाडं प्रतिकारक दिसतात! म्हणून रोगाला बळी पडणारा पालक प्रत्येक ट्रेमध्ये हवाच. गुण देताना पिवळेपणा बघा. जी-वाय-१४ वर बारीक तपकिरी ठिपके येतात, पण त्यांच्याभोवती पिवळेपणा पसरत नाही.

ही प्रतिकारशक्ती आनुवंशिकदृष्ट्या अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती प्रतिकारक असतील तरच दिसते. त्यामुळे नुसती एफ-२ झाडं पाहून पूल (प्रतिकारक आणि रोगट झाडांच्या डीएनएची दोन वेगळी मिश्रणं) केले, तर रोगट पूलमध्ये विषमयुग्मी (एक प्रतिकारक, एक रोगट प्रत असलेली) झाडं घुसतात आणि दोन पूलमधला एसएनपी-इंडेक्सचा (डीएनएमधल्या एका अक्षराच्या फरकाच्या जागी, म्हणजे एसएनपीवर, प्रतिकारक पालकाचं अक्षर किती प्रमाणात आहे त्याचा) फरक १ ऐवजी ०.६७ च्या आसपास अडकतो. प्रत्येक एफ-२ झाडाची एफ-३ रोपं तपासली की विषमयुग्मी झाड उघडं पडतं, कारण त्याच्या रोपांत काही प्रतिकारक निघतात. ११ रोपांत ते निसटण्याची शक्यता ४ टक्के, १६ रोपांत १ टक्का. मी १६ घेतो.

प्रत्येक पूलला २० झाडं, सगळ्यांचा डीएनए समप्रमाणात. ही मोजणी फ्लुरोमीटरवरच. स्पेक्ट्रोफोटोमीटर आरएनएही धरतो आणि प्रमाण चुकतं. जिनोम साधारण ३५ कोटी बेसचा, म्हणून ३० पट कव्हरेजला (प्रत्येक बेस सरासरी ३० वेळा वाचायला) प्रत्येक पूलमागे १० गिगाबेस (१००० कोटी बेस) पुरतात.

दोन पूलमधल्या फरकाचं शिखर पाचव्या गुणसूत्रावर आलं, तर लगेच फाइन मॅपिंगच्या (जनुकाची जागा आणखी बारकाईने शोधण्याच्या) मागे लागू नका. आधी स्टेग्रीन जनुक तपासा: त्याच्या प्रथिनात १०८ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनीन असेल, तर त्याच एसएनपीवर थेट केएएसपी (एका अक्षराचा फरक ओळखणारी पीसीआर चाचणी) मार्कर बनतो.