स्फटिकांची वही : तुरटी 118 ग्रॅमवर, मोरचूद पांढरा पडला

मंडळी, अडीच महिने वही उघडली नव्हती. आधी चांगली बातमी: मोठी तुरटी 118 ग्रॅमची झाली. काल रात्री प्रयोगाच्या काट्यावर मोजली (स्वयंपाकघरातला काटा वेगळा, ही अट घरातून आली आहे). अष्टफलकाची कड पाच सेंटिमीटरला जराशी वर. एक टोक बरणीच्या काचेला टेकून बोथट झालं, बाकी पाच शाबूत.

एप्रिलमध्ये तीन बिया (ज्यांच्यावर मोठा स्फटिक चढवतात ते छोटे खडे) गेल्या, त्याचं कारण आता कळलं. पहाटे 26 अंशांना द्रावण संपृक्त असायचं. दुपारी खोली 33 वर गेली की तेच द्रावण आणखी तुरटी मागायचं आणि समोर टांगलेलं बीच खाऊन टाकायचं. संध्याकाळी तंगुशीला नुसती गाठ! 20 अंशांना 100 मिलि पाण्यात साधारण 14 ग्रॅम तुरटी मावते, 50 अंशांना 36-37. एवढा फरक असल्यावर सात अंश म्हणजे थोडेथोडके नव्हेत. शेवटी मासळीवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणला, बरणी त्यात ठेवली आणि वरून जुनी गोधडी. खोक्याचा वास आठवडाभर गेला नाही, पण दिवसभरात पारा अंशभरच हलतो.

पावसाळ्यात ठाण्यात बाष्पीभवनाच्या नावानं बोंब. म्हणून हल्ली दर तीन दिवसांनी स्फटिक बाहेर काढतो, द्रावण कोमट करून त्यात चार-पाच ग्रॅम तुरटी विरघळवतो, पुरतं निवलं की पुन्हा टांगतो. एकदा घाईत दहा ग्रॅम घातली, तर एका बाजूला दुधी पापुद्रा चढला. तो आता आत कायमचा गाडला गेला. उजेडात धरला की ढगासारखा दिसतो.

आता मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. शेतीच्या औषधांच्या दुकानातून आणलेला, द्राक्षवाले बोर्डो मिश्रणाला वापरतात तोच. दोनदा गाळून पुन्हा स्फटिक केले, तेव्हा कुठे तळाचा तांबूस गाळ गेला. वाढवायला तो तुरटीपेक्षा सोपा, पण मला वेगळंच बघायचं होतं. या निळ्या खड्याच्या वजनात 36 टक्के पाणी असतं, स्फटिकजल. म्हणजे 10 ग्रॅम तापवला तर 6.4 उरायला हवेत.

बाल्कनीत शेगडी, कढईत वाळू, वाळूत चिनीमातीची मूस, शेजारी तापमान बघायला मल्टिमीटरचं थर्मोकपल. मास्क, हातमोजे, आणि ती कढई आता आयुष्यभर वाळूचीच. 130 अंशांवर तासभर ठेवलं. निळा फिका होत होत जवळजवळ पांढरा झाला. काट्यावर 7.2! काटा बिघडला असं वाटलं, शंभर ग्रॅमचं वजन ठेवून पाहिलं, तो बरोबर होता. मग हिशेब केला. मोरचुदात कॉपर सल्फेटच्या दर एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात, त्यांपैकी चारच गेले तर 7.1 उरतात. पाचवा रेणू घट्ट बसलेला असतो, त्याला 200 च्या वर न्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी 230 पर्यंत नेलं आणि 6.4 आले. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवलाय.

तिथे थांबायला हवं होतं. उरलेल्यातला चिमूटभर थेट ज्योतीवर धरला, तर कडा काळ्या पडल्या आणि घशाला झोंबणारा धूर आला. ते काळं म्हणजे कॉपर ऑक्साइड. पाणी घालून ते निळं होत नाही. हा भाग घरी करू नका, मीही पुन्हा करणार नाही.

शाळेत आपण घोकलं होतं: उलटवता येतो तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक. मोरचुदाच्या पांढऱ्या पुडीवर ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब पडला तिथे आधी ठिपका निळा झाला, मग निळाई कडेकडेनं पसरली, आणि मुशीला बोट लावलं तर चांगली गरम. शेगडी बंद होऊन तीन तास झाले होते! ही उष्णता पाणी पुन्हा जोडलं गेल्याची. म्हणजे बदल उलटवता आला, आणि तरी तो रासायनिकच. तो नियम परीक्षेपुरता ठीक होता, वहीतून मी तो खोडलाय.

तुरटीचंही तेच. आजी तव्यावर तुरटीची लाही करायची, तशी केली: आधी वितळते, बुडबुडते, मग फुगून पोकळ पांढरा गड्डा होतो. पुन्हा पाण्यात टाकला तर लवकर विरघळेना. कोमट पाण्यात अर्धा दिवस गेला. चार दिवसांनी तळाशी बारीक अष्टफलक दिसले, तिळाएवढे.

पांढऱ्या मोरचुदाची दुसरी पुडी रात्रभर उघडी ठेवली होती. सकाळी नुसत्या हवेनंच ती फिकट आकाशी झाली होती. उलट माझी एक लहान तुरटी मे महिन्यात नागपूरला मावशीकडे गेली, तिथल्या कोरड्या हवेत तिचे पैलू पिठुळले. मोठीला आता नेलपॉलिशचा पारदर्शक हात देतोय, पण 150 ग्रॅम झाल्यावर. तोवर गोधडीतच.