अपघात पाहिला, जबाब दिला : माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ. स्कूटरवरून घरी परतत होते. मला ओलांडून एक पांढरी कार पुढे गेली आणि तिने पुढच्या मोटारसायकलला मागून जोरात उडवलं. मोटारसायकलवाला खडीत फेकला गेला, कार जराशी थबकली आणि सुसाट निघून गेली.

त्या रात्री घरी सगळ्यांना मी हे असंच सांगितलं. तेव्हा ते मला शंभर टक्के खरं वाटत होतं.

रस्त्यावर पहिला फोन लावला ११२ ला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "नेमकं ठिकाण सांगा." मी "हायवेवर, पुलाच्या पुढे" असं काहीतरी बोलले. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "जवळ किलोमीटरचा दगड दिसतोय का?" रोजच्या रस्त्यावरचा तो दगड मी आयुष्यात कधी वाचला नव्हता. हिरव्या डोक्याचा, म्हणजे राज्य महामार्गाचा. त्यावरचं गाव आणि आकडा सांगितला आणि पुढचं सगळं भराभर झालं. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन दुसऱ्या एकाने केला, त्यालाही तोच आकडा दिला.

जखमी माणूस शुद्धीवर होता. त्याचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे पुन्हापुन्हा जात होता, मोबाइल शोधत. मोबाइल बाजूला खडीतच पडला होता. मी तो उचलून त्याच्या तळहातावर ठेवला, तेव्हा कुठे हात थांबला. कोणी पाणी पाजायला पुढे झालं, कोणी हेल्मेट काढायला. मानेला मार असेल तर घाईने हेल्मेट ओढण्यात धोका असतो, एवढं मला माहीत होतं. म्हणून दोघांनाही थांबवलं.

कारचा नंबर मी मोबाइलमध्ये टाइप करेपर्यंत तोंडाने घोकत होते. शेवटच्या चार आकड्यांतला तिसरा मात्र नक्की लागेना. इंग्रजी तीन की आठ? नंबरप्लेटवर चिखल उडालेला होता.

पोलीस आले. "कोणी पाहिलं?" म्हटल्यावर गर्दी पातळ झाली. मला लोकांचा राग आला नाही, भीती खरी असते. पण कायदा आता मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे, हे खूप जणांपर्यंत पोचलेलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याविषयीच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियमही निघाले. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचं. मी ठरवलं आणि नाव, नंबर दिला.

घरी भाऊ चिडला. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, तू आपणहून चढतेस." मी वाद घातला नाही. डोळ्यांपुढे तो खिसा चाचपणारा हात होता.

दोन दिवसांनी तपास करणाऱ्या हवालदारांचा फोन आला, जबाबासाठी ठाण्यात या म्हणून. मी म्हटलं, "साहेब, नियमाप्रमाणे माझ्या सोयीच्या ठिकाणी जबाब घेता येतो ना? घरी आलात तर बरं होईल, आणि शक्यतो साध्या कपड्यांत." पलीकडे थोडी शांतता. मग, "ठीक आहे मॅडम, उद्या सकाळी येतो." आले, साध्या शर्टातच.

खरी परीक्षा तिथे सुरू झाली. मी माझी गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "धडक बसताना तुम्ही बघितलीत?"

"हो."

"तेव्हा तुमची नजर कुठे होती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. रस्त्यात खड्डा होता. मी खाली बघून तो चुकवत होते. आवाज आला म्हणून मान वर केली. म्हणजे आधी कार पुढे जाताना पाहिली होती, नंतर पडलेला माणूस आणि निघून जाणारी कार पाहिली होती. मधला क्षण मी पाहिलाच नव्हता. तो माझ्या मनाने भरला होता आणि दोन दिवस सांगून सांगून पक्का झाला होता. मला अक्षरशः घाम फुटला. कोणाला तरी शिक्षा होऊ शकते असं वाक्य मी किती सहज बोलत होते!

तसं त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "हेच लिहू," म्हणाले. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, तर त्यात "भरधाव वेगात, हयगयीने" आलंच होतं. प्रत्येक अपघाताच्या बातमीत असतात तेच शब्द. मी विनंती केली, "कार मला ओलांडून गेली, तेव्हा माझा काटा पन्नासच्या आसपास होता, एवढंच लिहा." त्यांनी ते बदललं. नंबरच्या बाबतीतही "तिसरा आकडा तीन किंवा आठ, खात्री नाही" असंच लिहून घेतलं. सहीसाठी मी पेन मागितलं, तर म्हणाले, तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. कायद्यातच तशी मनाई आहे, हे मला तेव्हाच कळलं.

अर्धवट नंबरचा काय उपयोग, असं मला वाटत होतं. पण दोनच शक्यता तपासायच्या होत्या. त्यांतली एकच गाडी पांढरी कार निघाली आणि सापडली. हे जखमीच्या घरच्यांसाठी फार मोठं होतं. वाहन अज्ञातच राहिलं असतं, तर गंभीर दुखापतीसाठी सरकारी योजनेतून ५०,००० रुपये ठरलेले आहेत, मृत्यू झाला तर २ लाख. गाडी सापडली की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीकडून खर्च, बुडालेली कमाई, अपंगत्व या सगळ्याची भरपाई मागता येते. त्या माणसाच्या मांडीचं हाड मोडलं होतं, कित्येक महिने काम बंद राहणार होतं.

कोर्टाचं समन्स अजून आलेलं नाही. यायला वर्षंही लागू शकतात. हवालदार गेले त्याच दुपारी मी सगळं एका कागदावर उतरवून काढलं: तारीख, वेळ, दगडावरचा आकडा, ओला रस्ता, पन्नासचा काटा. आणि खाली वेगळ्या ओळीत, अधोरेखित करून: "धडक पाहिली नाही. आवाज ऐकला." तो कागद कपाटात, पासपोर्टच्या पिशवीत ठेवला आहे.