पाटीवर बसलेली

रावेर तालुक्यात केळीच्या एका पॅकहाऊसवर मी सुपरवायझर आहे. बागेतून घड येतात, फण्या सुट्या होतात, तुरटीच्या पाण्यात चीक धुतला जातो. मग वजन, पिशवी, खोका, शीतगृह आणि शेवटी आखाताकडे जाणारा रीफर, म्हणजे आतून गार ठेवणारा कंटेनर. मे महिन्यात बाहेर पारा 44-45 वर आणि केळी ठेवायची 13-14 अंशांवर. त्याखाली साल काळवंडते, वर गेली तर जहाजातच पिकायला लागते.

त्या दुपारी कंटेनर अर्धा भरला होता आणि हमालांची टोळी काम टाकून निघाली. टोळीचा म्होरक्या पंचक्रोशीतला टेनिस बॉल क्रिकेटचा हिरो. त्याच्या हातून खोका आपटला, व्यापाऱ्याचा माणूस चारचौघांत बोलला, याचं डोकं फिरलं. "बघून घ्या भो तुमचं तुम्ही," म्हणत गडी घेऊन गेला. खेळाने माणूस घडतो, असं भाषणात ऐकलं की मला हाच आठवतो. हातात गुण आहे, पण बाद दिलं की बॅट भिरकावतो; आणि सामना तोच काढून देतो म्हणून आजवर कोणी कान धरला नाही.

मागे उरल्या पॅकिंगच्या बायका आणि दोन पोरं. शीतगृहातून काढलेल्या खोक्यांना घाम सुटू लागला. गार पुठ्ठ्याला बाहेरची हवा लागली की थेंब धरतात, पुठ्ठा मऊ पडतो आणि थप्पीतले खालचे खोके दबतात.

तेव्हा पुढे आली ती सातपुड्यातल्या पाड्यावरची पावरा मुलगी. आश्रमशाळेत खो-खो खेळलेली. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तिथे कधीतरी तिचं प्रमाणपत्र कामी येईल, एवढाच तिच्या खेळाचा उपयोग मला दिसत होता. सकाळीच मालकांच्या सांगण्यावरून तिला वजनकाट्यावरून उठवून स्टिकर चिकटवायला बसवलं होतं. काट्यावर त्यांच्या ओळखीची पोरगी हवी होती.

"सर, फेऱ्या नको. साखळी करू."

शीतगृहाच्या दारापासून कंटेनरपर्यंत तिने सगळ्यांना एकाआड एक उभं केलं, एकीचं तोंड इकडे, पुढचीचं तिकडे. खो-खोत मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, आठ जणी बसतात तशाच. खोका नागमोडी पुढे सरकायचा, कोणाला चालायला नको, वजन घेऊन गर्रकन वळायलाही नको. पुढचीने आवाज देऊन हात लावल्याशिवाय खोका सोडायचा नाही, एवढा एकच नियम. पोरं मुद्दाम "खो" ओरडून खिदळली, मग तोच आवाज ठरला. एका मावशींचे हात थरथरताना तिला दिसले. "मावशी, पाणी पिऊन या. तुमची जागा धरून ठेवते." मावशी खरंच परत आल्या. दिवेलागणीला दार सील झालं आणि गाडी न्हावाशेवा बंदराकडे निघाली.

चहा पिताना विचारलं, सकाळी राग नाही आला?

"आला ना. पण पाटीवर बसलेली रुसली तर खो द्यायचा कोणाला?"

मग ती खेळावर बोलत सुटली. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. पळणारी मात्र कुठूनही निसटते. म्हणून नुसते पाय असून भागत नाही, उलट्या तोंडाने बसलेल्या मैत्रिणीला वेळेवर उठवावं लागतं. खो मिळायच्या आधी उठलं तर फाऊल. त्यांच्या सरांनी सगळ्यात चपळ पोरीला, म्हणजे हिलाच, सरावात कित्येक दिवस नुसतं बसवलं होतं. "खूप रडले होते सर मी तेव्हा."

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्या सामन्यांच्या क्लिपा मी मोबाईलवर पाहिल्या होत्या, पण माझी नजर सूर मारणारीवरच. बसलेल्यांकडे कोण बघतं!

दोन दिवसांनी टोळी परतली. मी काही बोलायच्या आत हिनेच म्होरक्याला सांगितलं, "दादा, तुम्ही आत थप्पी लावा, उंची तुमचीच आहे." तो मुकाट्याने आत गेला. वजनकाट्याचं मी मालकांशी बोललो. ते "पाहू" म्हणालेत.