मास्क, अंगठा आणि माझं रजिस्टर: एका नोटरीचा अनुभव

मी गोव्यात, म्हापशात वकिली करते आणि २०१६ पासून नोटरी आहे. बायकांना आणि एससी, एसटी, ओबीसी वकिलांना सात वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर अर्ज करता येतो, बाकीच्यांना दहा, त्यामुळे मला जरा लवकर मिळालं. मिळालं तेव्हा घरी पेढे वाटले होते. शिक्का मारायचा, सही करायची, पैसे घ्यायचे, यात कसली आलीय रिस्क, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं, मलापण.

आमचा गर्दीचा दिवस म्हणजे शुक्रवार. बाजाराला सगळा बार्देस तालुका आणि शेजारचं अर्धं पेडणे लोटतं, लोक मिरच्या-चोरीसां (गोव्याचे सॉसेज) घेतात आणि जाताजाता अ‍ॅफिडेव्हिट करून जातात. जास्त करून नावाच्या भानगडी. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर कामोतिम, शाळेच्या दाखल्यावर कामत, आधारवर आणि तिसरंच काहीतरी, मग "ही सगळी नावं एकाच माणसाची" असं शपथेवर लिहून द्यायचं. मुलाला पोर्तुगालची कागदपत्रं करायची असली की असले चार-चार कागद एकदम. हे काम साधं, त्यात डोक्याला ताप नाही.

ताप झाला तो फेब्रुवारी २०२१ मधल्या एका पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीने, म्हणजे मुखत्यारपत्राने.

ज्यांना गोव्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्न झालं की वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलंय ते. म्हणजे जमीन नवऱ्याच्या बापजाद्यांची असली तरी विकताना बायकोची सही लागतेच. त्यामुळे फसवणूक करणाऱ्याला निदान दोन माणसं खोटी उभी करावी लागतात, किंवा एक खरा आणि एक खोटा. माझ्याकडे दुसरा प्रकार आला. नवरा खरा होता, बायको दुसरीच कोणीतरी होती!

कोविडचे दिवस. दोघांच्या तोंडाला मास्क. बाई खोकत होती, मी म्हटलं असूदे, मास्क काढू नका. हे वाक्य मला पुढे दोन वर्षं ऐकू येत होतं. आधारची झेरॉक्स होती, ओरिजिनल "घरी राहिलं", आणि ओळख पटवायला कोर्टातलाच एक ओळखीचा वकील, माझ्याहून ज्युनियर, त्याने 'आयडेंटिफाइड बाय' म्हणून सही ठोकली. मी त्याला रोज बघते, त्याच्या लग्नाला जाऊन आलेय, त्याच्यावर कसला संशय घेणार. पेडण्यातली जमीन होती, मोपाचा विमानतळ होणार म्हणून तिकडचे दर चढत होते, मुखत्यारपत्र कोणा तिसऱ्याच्या नावे. माझ्या नशिबाने मी एक गोष्ट केली. तेव्हा बरेच जण स्टॅम्प पॅड नको, इन्फेक्शन होईल म्हणून अंगठा घेतच नव्हते, मी मात्र सॅनिटायझरने तिचा अंगठा पुसून दोन मिनिटं वाळू दिला आणि रजिस्टरमध्ये सहीच्या बाजूला ठसा घेतला. सवय म्हणून हो, शहाणपण वगैरे काही नाही.

पुढे ऑगस्ट २०२२. त्याच वर्षी जूनमध्ये जमिनी हडपण्याच्या प्रकरणांसाठी सरकारने एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमली होती, पेपरात रोज तेच, आणि आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये सगळे जुनी रजिस्टरं काढून बसलेले. माझी केस एसआयटीकडची नाही, साध्या पोलीस स्टेशनातली. जमीन घेणाऱ्याच्या वकिलाने पेपरात पब्लिक नोटीस दिली, अमुक सर्व्हे नंबरची जागा आमचे अशील घेतायत, कोणाची हरकत असली तर पंधरा दिवसांत कळवा. ती नोटीस खऱ्या बायकोच्या भावाने वाचली. ती बिचारी तीन वर्षं नवऱ्यापासून वेगळी माहेरी राहत होती, तिला यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नाही.

हवालदाराचा फोन आला, मॅडम उद्या स्टेशनवर या. हात थंड पडले माझे, खरं सांगते. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, घाबरू नका, स्टेटमेंट आहे फक्त, आणि माझीच जीभ टाळ्याला चिकटली. रात्री झोप नाही, पहाटे उठून सीआरपीसी, म्हणजे तेव्हाची फौजदारी प्रक्रिया संहिता, काढली. कलम १६०, साक्षीदार बाई असेल तर तिला राहत्या घराशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. मी कळवलं की लेखी नोटीस द्या आणि घरी या.

ते आले तो दिवस गणेश चवथीच्या आदला. चौकात माटोळी, गणपतीवर टांगायची फळा-भाज्यांची चौकट, बांधायचं काम चालू, आत सासूबाई नेवऱ्या (करंज्या) तळतायत आणि दारात खाकी कपडे. आख्ख्या वाड्याने बघितलं. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, पोलिसांना चहा आणि नेवऱ्या दिल्या, पण त्या दिवसभर माझ्याकडे बघायच्याच नाहीत. नियम बरोबर वापरला आणि इज्जत गेली, असं काहीतरी झालं. आता वाटतं स्टेशनवर गेले असते तर बरं झालं असतं.

अडीच तास प्रश्न. तुम्ही ओळखत होता का तिला? नाही. मग सही कशी केली? वकिलाने ओळख पटवली म्हणून. चेहरा बघितला का? इथे गाडी अडली. खरं सांगायचं की नाही, असं एक क्षण मनात आलं, लपवत नाही. मग सांगितलं, मास्क होता, मी काढायला लावला नाही. लिहून घेणाऱ्याने मान वर करून एकदा बघितलं आणि परत लिहायला लागला.

पुढचा वाद रजिस्टरवरून. त्यांना मूळ रजिस्टर पाहिजे होतं, मी म्हटलं सर्टिफाइड कॉपी घ्या, त्यात दुसऱ्या शेकडो लोकांच्या नोंदी आहेत. पण ठसा तज्ज्ञाकडे पाठवायचा तर झेरॉक्स चालत नाही, हेही खरंच होतं. शेवटी पंचनामा करून दिलं, त्याआधी एका दुकानात बसून सगळ्या पानांची झेरॉक्स काढून घेतली, मशीन दोनदा गरम होऊन बंद पडलं. नवीन कोरं रजिस्टर उघडलं तेव्हा पहिलीच नोंद करताना हात कापत होता.

आणि तो ज्युनियर? त्याचं म्हणणं, मी सही केली पण मॅडमनी सांगितली म्हणून केली, मी बाईला बघितलंच नाही. कोर्टाच्या जिन्यात समोर आला तर खाली बघून गेला. मला पोलिसांपेक्षा याचं जास्त लागलं.

याच्याच जोडीला खऱ्या बायकोने माझ्याविरुद्ध कायदा खात्याकडे तक्रार केली, नोटरीने गैरवर्तन केलं म्हणून. तिचा राग मला पटतो, तिच्या जागी मीपण केली असती. नोटरीज अ‍ॅक्टचं कलम १३ आहे, नोटरी म्हणून केलेल्या कामाबद्दलच्या गुन्ह्याची दखल कोर्ट सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय घेत नाही, ओळखीचे सगळे म्हणायचे तुला कसली भीती, तेरा आहे ना. पण खात्याची चौकशी वेगळी, त्यात सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, सस्पेंड होऊ शकतं नाहीतर ताकीद देऊन सोडतात. मी लेखी उत्तर दिलं, रजिस्टरच्या पानाची कॉपी लावली, मास्कचं कबूल केलं. त्या चौकशीसाठी पर्वरीला चार खेपा झाल्या. दरम्यान ठशाचा रिपोर्ट आला, अंगठा खऱ्या बायकोचा नाही, आणि मी ठसा घेतला होता म्हणूनच ते सिद्ध झालं. ताकीदीवर सुटले. तो कागद फाईलला लावलाय, फ्रेम करण्यासारखा नाही.

फौजदारी केस अजून चालू आहे, मी सरकार पक्षाची साक्षीदार, तारखा पडतायत.

त्यानंतर मी बदलले असं घरचे म्हणतात. ओरिजिनल आयडी नाही तर काम नाही, फोटो काढून ठेवते, ओळख पटवणाऱ्या वकिलाला आधी विचारते, तू हिला कधीपासून ओळखतोस. लोकांना राग येतो. पंचाचा फोन येतो, "बाय, आपलोच मनीस, मातशें बघ." बाहेरगावची जोडपी येतात, लग्न नोटरी करून द्या म्हणतात, त्यांना सांगते की असं लग्न होत नसतं, केंद्राच्या कायदा मंत्रालयाने २०२४ मध्ये परत स्पष्ट केलंय, सिव्हिल रजिस्ट्रारकडे जा. म्हातारे येतात मृत्युपत्र घेऊन, त्यांच्या डोक्यात जुने पोर्तुगीज नोतार बसलेले, जे वहीत मृत्युपत्र लिहून ठेवायचे. ते काम आता २०१२ च्या कायद्याने सब रजिस्ट्रारकडच्या स्पेशल नोटरीचं, आमचं नाही, पण आजोबांना वाटतं मी पैशासाठी टोलवतेय.

सगळ्यात वाईट इस्पितळातले कॉल. गेल्या वर्षी एका ठिकाणी गेले, म्हातारे गृहस्थ, नाकात नळी, मुलाने आधीच त्यांचा अंगठा शाईत बुडवून धरलेला. मी विचारलं, बाबा, तुमचं नाव काय? ते म्हणाले, वायंगणाक उदक सोडलें? परत विचारलं, परत तेच. शेतातल्या पाण्याचंच चाललेलं त्यांचं. मी बॅग बंद केली. मुलगा लिफ्टपर्यंत मागे आला, म्हणाला म्हापशात कशी प्रॅक्टिस करतेस बघतो. दोन महिने ऑफिसातून निघताना मी नवऱ्याला बोलावून घ्यायचे, नंतर विसरले.

परवाच्या शुक्रवारी एक मुलगा आला, आजोबा गाडीत आहेत, जिना चढवत नाही, तुम्ही शिक्का मारा, मी खाली सही घेऊन येतो. पाऊस धो धो. मी रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि त्याच्या मागून खाली उतरले, तो सारखा म्हणत होता कशाला मॅडम, कशाला. आजोबा खरंच होते, पुढच्या सीटवर मयड्याचं केळं सोलत. नाव विचारलं तर स्वतःचं, वडलांचं, वाड्याचं, सगळं सांगितलं, ओरिजिनल कार्ड दिलं. मी रजिस्टर उघडून पेन पुढे केलं तर हात आखडता घेतला.

"राव मगो," ते म्हणाले, "तूं कोणाची? तुजें कार्ड खंय आसा?"

पर्समधून काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला, आणि मग सही केली.